उसातली पोरे, पाळीवरची भुते

भुताच्या स्वस्त सिनेमाला हसणे फार सोपे असते. रबरी मुखवट्याची हनुवटीखाली दिसणारी शिवण, सरबतासारखे पातळ रक्त, पंख्याने उडवलेला धूर आणि कारण नसताना करकरणारे दार. सुशिक्षित घरात या सिनेमांचा विषय निघाला की पाहुणेसुद्धा हसून घेतात. मीही हसतो. पण सगळा जन्म पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या भोंग्यांवर काढल्यामुळे असेल, या सिनेमांविषयी माझ्या मनात एक कोपरा कायम राखीव राहिला आहे. मोठ्या बॅनरचे, मोठ्या नटांचे चित्रपट ज्या गोष्टी सभ्यपणे टाळतात, त्या या गरीब सिनेमाने अनेकदा मुखवटा चढवून बोलून टाकल्या आहेत. विकलेली जमीन, राबून राबून मेलेला माणूस आणि नको असलेले मूल या त्या गोष्टी. आमच्या या पट्ट्यात तिन्हींची वस्ती आहे.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो आमच्या गावाशी लांबून नाते सांगतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची एक मोठी वसाहत पिंपरीत झाली. आजही जुनी माणसे त्या भागाला ‘पिंपरी कॅम्प’च म्हणतात. तेव्हाच कराचीहून फत्तेचंद रामसिंघानी नावाचे रेडिओचे दुकानदार मुंबईला आले. कराचीतल्या गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ उच्चारता येईना, म्हणून नावाचे झाले ‘रामसे’. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटले, पण डोक्यात सिनेमाचे वेड होते. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला. तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून दरोडा घालतात असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्यासाठी लोक थिएटरात येत आणि तो संपला की उठून जात, हे त्यांच्या मुलांनी हेरले. पोरांनी वडिलांना सांगितले, बाकीचे सोडा, लोकांना हेच हवे आहे.

मुले सात होती. कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. एकाने लिहायचे, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने आवाज सांभाळायचा, एकाने संकलन करायचे, दोघांनी दिग्दर्शन करायचे आणि एकाने हिशेब आणि व्यवस्था बघायची. बाहेरच्या माणसाला पगार देण्याचा प्रश्नच नाही. वडिलांनी म्हणे काश्मीरला हाउसबोटीवर नेऊन त्यांच्याकडून छायाचित्रणाचे एक इंग्रजी पुस्तक घोकून घेतले होते. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यांचा पहिला खरा भयपट. अख्खे कुटुंब आणि कलावंत बसमध्ये घालून महाबळेश्वरला गेले, तिथे विश्रामगृहात उतरले, घरच्या बायकांनी स्वयंपाक केला आणि महिना-सव्वा महिन्यात चित्रपट पुरा झाला. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला असे सांगतात. पुरलेला नवरा जमिनीखालून उठून येतो, एवढीच गोष्ट. जाहिरात विविध भारतीवरून केली, कारण रेडिओचे महत्त्व रेडिओवाल्याला कोणी शिकवायला नको होते.

छोट्या वर्कशॉपमध्ये ज्याने काम केले आहे, त्याला ही पद्धत लगेच ओळखू येईल. बाप मालक, थोरला लेथवर, मधला ड्रिलवर, धाकटा डिलिव्हरीला आणि आई डबा पाठवते. भोसरीच्या गाळ्यांमधून आजही असे संसार चाललेले दिसतात. मला रामसे बंधू नेहमी कलावंतांपेक्षा जॉब-वर्क करणारे वाटत आले, आणि यात मी त्यांना कमी लेखत नाही.

‘पुराना मंदिर’ १९८४ साली आला तेव्हा त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत त्याची गणना झाली. त्यातला राक्षस सामरी ज्यांनी उभा केला ते अनिरुद्ध ऊर्फ अजय अग्रवाल हे रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. उंचपुरे शरीर आणि लांबट चेहरा, त्यामुळे मुखवट्याचा खर्चही वाचला. आमच्या कॉलनीतल्या एका फिटर काकांना हे नंतर कळले तेव्हा ते म्हणाले, “इंजिनिअर होता होय? मग घाबरलो ते बरोबरच होते.”

आम्ही हे सिनेमे थिएटरात क्वचितच पाहिले. त्यांना बहुधा ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का असे. आमच्यासाठी खरे थिएटर म्हणजे गणपतीतला रस्ता. मंडळ व्हिडिओ आणि पडदा भाड्याने आणी, बांबूला तो ताणून बांधला जाई आणि पुढची जागा मिळाली नाही तर आम्ही पोरे पडद्याच्या मागच्या बाजूला बसत असू. तिथून अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा होई, पण भूत दोन्ही बाजूंनी सारखेच. पहिला चित्रपट देवादिकांचा, दुसरा मारामारीचा आणि बायका-मुले झोपायला गेली असे गृहीत धरून मध्यरात्री तिसरा लागे तो भुताचा. बायका-मुले गेलेली नसत. त्याच सुमारास दुसरी पाळी सुटे. कंपनीची माणसे सायकलला डबा अडकवून येत, एक पाय रस्त्यावर टेकवून तशीच उभी राहत आणि अर्धा-पाऊण तास बघून निघून जात. पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशी ती आम्हाला विचारीत.

‘वीराना’ (१९८८) मी असाच पाहिला. त्यातल्या चेटकिणीपेक्षा मी घाबरलो ते तिचा आत्मा ज्या लहान मुलीत घालतात त्या मुलीला. ती ओरडत नाही, तोंड वेडेवाकडे करीत नाही, नुसती बघत राहते. घरातले सगळे तिला आपलीच समजून जेवायला वाढतात. त्या रात्री वडील तिसऱ्या पाळीला होते. घरी आई, मी आणि धाकटी बहीण. बहीण अंथरुणात उठून बसलेली दिसली तेव्हा माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. तिला पाणी हवे होते.

बाहेरचा राक्षस दार लावून अडवता येतो. घरातल्या मुलाला कसे अडवायचे? वाईट मुलांच्या सगळ्या सिनेमांचे भांडवल एवढेच असते. ‘एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) आणि ‘द ओमेन’ (१९७६) यांनी ते जगभर खपवले. आपल्याकडे त्याची सर्वांत चांगली नक्कल, खरे तर नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल, १९८० साली झाली. चित्रपट ‘गहराई’. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचे, लेखनात विजय तेंडुलकर, भूमिका डॉ. श्रीराम लागू, अनंत नाग आणि पद्मिनी कोल्हापुरे यांच्या. एवढी मराठी नावे असूनही हा चित्रपट आपल्या घरांत फारसा बोलला जात नाही याचे मला नवल वाटते.

त्याची गोष्ट चाकणकराने नीट ऐकावी. बंगलोरला राहणारा एक नोकरदार, बुद्धिवादी गृहस्थ आपली गावाकडची बागायती जमीन साबणाच्या कारखान्यासाठी विकतो. ती जमीन पिढ्यान्पिढ्या राखणारा जुना गडी कळवळून म्हणतो की तुम्ही आईला विकलेत. गृहस्थाला ते भाबडे वाटते. मग त्याची शाळकरी मुलगी हळूहळू परक्या आवाजात बोलू लागते आणि बापाचे असे एक जुने पाप सगळ्यांसमोर उघडे करते, की जे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. मांत्रिक येतात, डॉक्टर येतात. त्यातला बाप रंगवला आहे लागूंनी. देवालाच निवृत्त करा असे पुढे जाहीरपणे सांगणारे ते डॉ. लागू. त्यांचा चेहरा पाहात राहावा असा आहे. विश्वास नाही, पण मुलगी तर समोर किंचाळते आहे.

आता आमच्याकडचे बघा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागोमाग चिंचवड, आकुर्डी, भोसरीची शिवारे कारखान्यांखाली गेली. १९८२ साली महानगरपालिका झाली. मग वस्ती पुढे सरकली. ज्या चाकणला फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवले आणि जिथला कांद्याचा बाजार लांबून लांबून गाड्या खेचतो, त्या चाकणच्या माळावर बजाज १९९९ च्या सुमारास आली आणि २००९-१० पर्यंत मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. जमिनीचे पैसे आले. बंगले झाले, गाड्या आल्या, गळ्यात सोने आले आणि ‘गुंठामंत्री’ हा शब्द आला. पैसे टिकवणारी माणसेही पुष्कळ आहेत, हे सांगायला हवे. ट्रान्सपोर्ट, खानावळी, भाड्याच्या खोल्या यांवर त्यांनी नीट संसार उभे केले. पण ज्या घरात पैसा आला आणि गेला, तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलताना ‘गहराई’तला गडी मला हटकून आठवतो. एका ओळखीच्या आजीबाई नातवाच्या व्यसनाविषयी सांगताना कधी नातवाला बोल लावीत नाहीत. म्हणतात, “बांधावरचा म्हसोबा हलवला ना, तेव्हापासनं हे.” म्हसोबा आता एका कंपनीच्या भिंतीला लागून आहे. भिंत तिथे थोडी वाकडी घेतली आहे आणि शेंदूर ताजा असतो. कोण लावते, ते विचारल्यावर पहारेकरी हसतो.

म्हसोबाने नातवाला दारू पाजली नाही, हे मलाही कळते आणि मनातून आजीबाईंनाही कळत असावे. पण जमीन गेल्याचे दुःख सांगायला त्यांच्याजवळ दुसरी भाषा नाही. ग्रामसभेत त्यासाठी तक्ता नसतो. भुताच्या गोष्टीत मात्र जागा असते. इथे एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. सिनेमातला मांत्रिक पडद्यावर शोभतो तेवढाच बरा. महाराष्ट्राने २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो उगीच नव्हे. आजारी मुलीला मारझोड करून भूत उतरवणारा माणूस प्रत्यक्षात भेटला तर त्याला पोलिसांकडे द्यायचे असते.

मुलांकडून आता मुडद्यांकडे वळतो. झोंबी हा शब्द आपल्याकडे हॉलिवुडमार्गे आला, म्हणून आपल्याला वाटते की झोंबी म्हणजे माणसाचे मांस खाणारा, पाय ओढत चालणारा मुडदा. मूळ झोंबी तसा नव्हताच. तो हैती बेटावरचा, आणि त्याचा धंदा मजुरीचा. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना तिथल्या फ्रेंच मालकांनी उसाच्या मळ्यांत राबवून मारले. त्या माणसांच्या वंशजांची सर्वांत मोठी भीती मरणाची नव्हती. मेल्यावरही कोणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपेल, याची होती. १९२९ साली सीब्रुक नावाच्या अमेरिकन लेखकाने हैतीवरच्या पुस्तकात तिथली एक ऐकीव गोष्ट दिली. साखर कंपनीच्या शेतात मुडदे ऊसतोडीला आणले आहेत, त्यांची मजुरी मुकादम खिशात घालतो आणि त्यांना मिठाचा कण द्यायचा नसतो, कारण मीठ जिभेला लागले की मुडद्याला आपण मेलो आहोत हे कळते आणि तो चालत आपल्या थडग्याकडे निघतो.

आपल्याकडे मीठ खाल्ले की माणूस धन्याशी बांधला जातो. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. तिकडे मीठ खाल्ले की सुटतो. हे वाचल्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

१९३२ मध्ये त्यावर ‘व्हाइट झोंबी’ हा स्वस्तातला बोलपट निघाला. त्यात साखर कारखान्यातले एक दृश्य आहे. मुडदे घाण्याभोवती फिरत आहेत, एक जण तोल जाऊन आत पडतो आणि घाणा थांबत नाही. बाकीचे फिरतच राहतात. यंत्रावर ज्याने वर्षे काढली आहेत, त्याने हे दृश्य एकदा बघावे. माझे वडील तिसऱ्या पाळीहून सकाळी येत तेव्हा चहाचा कप हातात धरून पाच-दहा मिनिटे नुसते बसलेले असत. डोळे उघडे, पण समोर कोण आहे ते दिसत नसे. आई आम्हाला खूण करी की आता काही विचारू नका. पहिली, दुसरी, तिसरी अशी पाळी आठवड्याने बदले. शरीराला एक सवय लागेपर्यंत दुसरी येऊन उभी. शेजारच्या काकू त्या बसण्याला ‘पाळीचे भूत’ म्हणत. दुपारी झोप झाली की ते उतरे, आणि वडील पुन्हा माणसात येऊन बहिणीची वेणी घालून देत. त्यांना वेणी छान येई.

झोंबीला मांस खायला शिकवले ते जॉर्ज रोमेरो या अमेरिकन तरुणाने, १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये. हा चित्रपट हॉलिवुडमध्ये झालेला नाही. तो पिट्सबर्गचा, म्हणजे पोलादाच्या कारखान्यांच्या गावचा. रोमेरो आणि मित्र जाहिरातपट करून पोट भरत. दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर काढून सुरुवात केली आणि एकूण खर्च सव्वा लाख डॉलरच्या आतच राहिला. रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत, कारण चित्रपट कृष्णधवल होता आणि त्यात ते खपून गेले. त्यात एक आजारी मुलगी तळघरात निजवलेली असते. आई-बाप वर भांडत असतात. ती मरते, उठते आणि आईलाच मारते. पडद्यावरच्या तिच्या बापाचे काम करणारा माणूस हा तिचा खरा बाप, आणि चित्रपटाचा एक निर्मातासुद्धा. रामशांच्या घरचीच तऱ्हा. आणि एवढे करून वितरकाने नाव बदलताना हक्काची ओळ छापायची राहिली, त्यामुळे अमेरिकी कायद्याप्रमाणे चित्रपट सर्वांचा झाला. ज्याला हवे त्याने दाखवावा. जगभर पसरला तो त्यामुळेही, आणि करणाऱ्यांच्या हाती मात्र त्या मानाने फार थोडे लागले.

मराठीत झोंबी यायला २०२२ उजाडले. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ त्या प्रजासत्ताक दिनी प्रदर्शित झाला. डोंबिवलीचे नाव किंचित वाकवून केलेले हे शीर्षक पाहून मी आधी हसलो, नंतर बघायला बसलो. एका बाजूला उंच इमारतींचा मध्यमवर्गीय संकुल, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी, आणि मुडदे उठतात ते पाण्यामुळे. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी यांनी विनोद नेटाने सांभाळला आहे. उत्तरार्ध थोडा लांबला. पण रासायनिक कारखाने दाराशी असलेल्या गावात पाण्याचे भय दाखवणे ही कल्पना डोंबिवलीकरांना विनोदी वाटली नसावी. २०१६ च्या आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांत माणसे मेली आहेत. इंद्रायणी आणि पवनेवर पांढरा फेस आला की आमच्याकडेही वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. आळंदीला वारीच्या दिवसांत तो फेस पाहिलेल्याला वेगळे भूत दाखवायची गरज नाही.

सगळ्यांत अधिक मनाला लागला तो मात्र विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’. २०१७ चा, बेताच्या पैशांतला मराठी चित्रपट. गरोदर बाई नवऱ्याबरोबर शहरातून पळून उसाच्या फडात दडलेल्या एका घरी येते. पूजा सावंतने ती बाई केली आहे आणि तिला सांभाळणारी तुळसाबाई उषा नाईक यांनी. उसात पोरे खेळताना दिसतात. ती पोरे कोणाला दिसतात, कोणाला नाही, ती का लपतात, हे कोडे सुटत सुटत जिथे येऊन थांबते ती जागा म्हणजे जन्मताच मारलेल्या मुली. उसातल्या पोरांना भ्यावे की घरातल्या वडीलधाऱ्यांना, हे शेवटी बघणाऱ्याला ठरवता येत नाही. हाच चित्रपट दिग्दर्शकाने २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा केला. हिंदीत पैसा जास्त आहे, पण ऊस मराठीतलाच अधिक भीतिदायक वाटतो.

आमच्या भागातल्या माणसाला ऊस नुसता दिसला तरी तो सावध होतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत बिबट्यांनी उसालाच जंगल मानले आहे. तिथेच पिल्ले होतात, तिथेच वाढतात. अंगणातले मूल बिबट्याने नेल्याच्या बातम्या इथे खऱ्या असतात आणि जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी केंद्र आहे. संध्याकाळ झाली की बाया फडाच्या कडेने पोरांना जोरात हाका मारतात. ‘लपाछपी’ पाहताना खेडकडची एक मावशी शेजारी होती. भुताची पोरे दिसली तेव्हा ती पदर तोंडाशी धरून पुटपुटली, “उसात कशाला सोडली पोरं?”

आणि मुलींचे आकडे भुताच्या गोष्टीतले नाहीत, जनगणनेतले आहेत. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंगतपासणीवर बंधन आणणारा कायदा देशात सर्वांआधी, १९८८ साली, केला तो याच राज्याने. आणि कायद्यानंतरच्या दोन दशकांत आकडा खाली गेला. गरीब भागात उपासमारीने गेल्या म्हणावे, तर तपासणीला पैसे लागतात. ज्या घरात जमिनीचे पैसे आले, तिथे वंशाच्या दिव्याचे कौतुकही वाढलेले मी पाहिले आहे. एका घरी बंगल्याच्या वास्तुशांतीला बसलो असता पाहुण्यांतली एक बाई सहज म्हणाली की हिला पहिल्या मुलीनंतर दोनदा ‘धुवून’ घ्यावे लागले. पंगत चालू होती. कोणी मान वर केली नाही. ती सून वाढत होती, तिने पुढच्या पानावर वाटी ठेवली.

तेव्हा ‘लपाछपी’तली पोरे माझ्या दृष्टीने दुष्ट नाहीत. ती मोजणीत न धरलेली आहेत.

आपल्या लोकांना हे पूर्वीपासून माहीत असावे. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी, लग्नाआधी गेला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, अशी आपल्याकडची समजूत. त्याची भीती वाटते, पण त्याला देवळीही बांधतात. पुण्यात धानोरीला ‘मुंजाबा वस्ती’च आहे. अपुऱ्या राहिलेल्या मुलाला गावाने दिलेली ती जागा. ‘झोंबिवली’च्या सरपोतदारांनीच २०२४ मध्ये त्याच्यावर ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट केला. कोकणातला हट्टी, क्रूर पोरगा मरून पिंपळाखाली अडकतो आणि पुढे पुण्यात आईच्या ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या एका भित्र्या तरुणाच्या मानगुटीवर बसतो. मोठा नट नाही, भूत संगणकावर तयार केलेले, आणि धंदा शंभर कोटींच्या वर. सरपोतदार हे पुण्याच्या जुन्या चित्रपट घराण्यातले. मूकपटांच्या काळातले नानासाहेब सरपोतदार हे या घराण्याचे मूळ पुरुष. लक्ष्मी रोडवरचे ‘पूना गेस्ट हाउस’ त्यांनीच सुरू केले. तिथली मिसळ खाताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे सिनेमे मुलांना दाखवावेत का, असे आई-बाप विचारतात. २०२४ पासून नव्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्रावर सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे लिहिलेले असतात, ते आधी वाचावेत. ते उगाच दिलेले नाहीत. पण प्रमाणपत्रापेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की मूल ते कोणाबरोबर पाहते. रस्त्यावरच्या पडद्यापाशी आम्ही शंभर जण एकदम किंचाळत होतो आणि पुढच्या क्षणी शंभर जण हसत होतो. भीती वाटून घ्यायची आणि ती वाटून टाकायची, दोन्ही एकाच जागी. आज आमच्या इमारतीत दोघेही नोकरीला असलेली घरे पुष्कळ आहेत. चाकणहून कंपनीची बस यायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. तोवर पोर एकटे, दार आतून लावलेले, आणि हातात मोबाइल. त्यावर कोणते तळघर उघडे आहे, ते बाहेरून दिसत नाही.

समोरच्या घरातली आठ वर्षांची मुलगी हल्ली संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसते. परवा तिने विचारले की झोंबी झालेल्या माणसाला घरचे लोक कसे ओळखतात. मी म्हणालो, आवाज देऊन बघायचे, ओ दिली तर आपला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा शिफ्टवरून आल्यावर पहिल्यांदा ओ देत नाहीत. दुसऱ्यांदा देतात.”

तिच्यासाठी मी ‘झपाटलेला’ लावला. महेश कोठाऱ्यांचा, १९९३ चा. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला, तात्या विंचू, खुर्चीवरून उठला तेव्हा तिने माझे मनगट धरले, आणि लक्ष्मीकांत बेर्डे पळायला लागला तेव्हा सोडले. मध्येच जिन्यात पावले वाजली. तिने चित्रपट थांबवला, दार उघडले आणि खालच्या अंधारात दोनदा हाक मारली.